मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम: प्रश्न ठरवण्यापासून प्रमाणपत्रापर्यंतचा योग्य क्रम

सोलापुरातील अभ्यासिकांत बसणारे विद्यार्थी असोत की नोकरी सांभाळून शिकू पाहणारे तरुण-तरुणी, मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल त्यांची तक्रार बहुधा सारखीच असते. मोठ्या उत्साहाने नावनोंदणी केली, पहिल्या आठवड्याची व्याख्याने पाहिली आणि पुढे ते मागे पडत गेले. जे नेटाने शेवटपर्यंत जातात, त्यांपैकीही काहींना ऐनवेळी कळते की परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा होता, किंवा आपल्या महाविद्यालयात या अभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) धरले जाणार नाहीत. या बहुतेक अडचणींचे मूळ क्रमात आहे. आपण आधी अभ्यासक्रमांची यादी उघडतो, शीर्षक आवडले की नाव नोंदवतो आणि आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे याचा विचार सर्वांत शेवटी करतो. सामाजिक प्रश्न, पर्यावरण आणि करिअर या तीन क्षेत्रांत स्वतःहून शिकू इच्छिणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने जावे, ते खाली दिले आहे. पहिले दोन टप्पे संकेतस्थळ न उघडताच पूर्ण करायचे आहेत आणि ते वगळू नयेत.

टप्पा १: एक प्रश्न कागदावर लिहा

एका कोऱ्या कागदावर एकच प्रश्न लिहावा. तो आपल्या गावाचा, पेठेचा किंवा आपल्या कामाचा असावा आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असावे. ‘पर्यावरण’, ‘महिला सक्षमीकरण’ किंवा ‘डेटा सायन्स’ असे शब्द शोधचौकटीत टाकले की अभ्यासक्रमांची लांबलचक यादी समोर येते आणि त्यांतून निवडायचे कशाच्या आधारे, हे ठरवता येत नाही. प्रश्न हाती असला की तोच निवडीचा निकष होतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. उन्हाळ्यात सोलापूरच्या वर्तमानपत्रांत उजनी धरणाबद्दल ‘उजनी वजा पातळीत’ अशी बातमी ठरलेली असते आणि त्याच दिवसांत शहरातल्या नळांना काही दिवसांआड पाणी येत असते. यावरून ‘उजनी वजा पातळीत जाते म्हणजे नेमके काय होते आणि तरीही पाणी येते ते कोठून?’ असा प्रश्न लिहिता येईल. आता याचे पोटप्रश्न पाडावेत. धरणातील साठा कसा मोजतात, मृत साठा म्हणजे काय, पिण्यासाठी, शेतीसाठी आणि उद्योगांसाठी पाण्याचे वाटप कोण ठरवते, धरणातून निघालेले पाणी शहरात पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, असे निदान चार पोटप्रश्न सहज निघतात. पहिले दोन जलविज्ञानाचे आहेत, तिसरा जलधोरणाचा आणि चौथा नागरी सुविधांच्या व्यवस्थापनाचा आहे. एकाच अभ्यासक्रमात चारही सापडणे अवघड असते, म्हणून सुरुवातीला एकाच पोटप्रश्नावर खूण करावी आणि उरलेले कागदावर राहू द्यावेत.

सामाजिक विषयातला प्रश्न असा असू शकेल: ‘घरी बिड्या वळणाऱ्या स्त्रियांना कामगार म्हणून लाभ मिळण्यासाठी कोणत्या नोंदी लागतात?’ करिअरचा प्रश्नही इतकाच नेमका हवा. ‘चांगली नोकरी कशी मिळेल?’ यापेक्षा ‘वस्त्रोद्योगातील पदविकेनंतर टॉवेल-चादरीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामाला घेताना काय येणे अपेक्षित असते?’ हा प्रश्न अनेक पटींनी उपयोगी आहे. त्यासाठी नोकरीच्या जाहिराती मिळवून त्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अपेक्षांखाली रेघ मारावी. अक्कलकोट रस्ता किंवा चिंचोळी औद्योगिक वसाहतीत काम करणारी एखादी व्यक्ती ओळखीची असेल, तर तिच्याशी अर्धा तास बोलून ही यादी पक्की करावी. करिअरविषयक अभ्यासक्रम निवडताना हे अर्धा तासाचे बोलणे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

तपासा: लिहिलेला प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. प्रश्न त्यांना लगेच समजला आणि त्यावर ते आपले मत सांगू लागले, तर प्रश्न योग्य आहे. समजावून सांगावा लागला, तर तो अजून नेमका झालेला नाही.

टप्पा २: नाव, ई-मेल, वेळ आणि साधने

या टप्प्यातली सर्वांत महागात पडणारी चूक नावाची आहे. महाराष्ट्रातील गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी असते आणि आधार कार्डावर ते शेवटी असते. काहींच्या बाबतीत वडिलांचे किंवा पतीचे नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. खाते उघडताना आपण जे नाव टाकतो तेच सामान्यतः प्रमाणपत्रावर छापले जाते, आणि परीक्षा केंद्रावर ते ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते. म्हणून परीक्षेला कोणते ओळखपत्र नेणार ते आधी ठरवावे आणि त्यावरील इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर तसेच भरावे. टोपणनाव किंवा नुसती आद्याक्षरे टाकू नयेत.

ई-मेलचे खाते स्वतःचे असावे आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे असावा. नेट कॅफेत दुसऱ्याने घाईने काढून दिलेल्या खात्याचा पासवर्ड पुढे कोणालाच आठवत नाही, आणि परीक्षेची सूचना तर त्याच खात्यावर येते. ओटीपीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक निदान वर्षभर चालू राहणार असावा. घरातल्या दुसऱ्या कोणाचा क्रमांक देणार असाल, तर त्यांना तशी कल्पना द्यावी.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे करावा. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्याने असतात. वाचन, टिपणे आणि स्वाध्याय धरून आठवड्याला पाच तास लागतील असे समजून चालावे. देशातील विद्यापीठीय ऑनलाइन अभ्यासक्रमांची मुख्य सत्रे जानेवारी आणि जुलै या महिन्यांत सुरू होतात. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्डा (यात्रेनिमित्त भरणारी जत्रा) असतो, तर जुलैच्या सत्राचे पहिले आठवडे पंढरपूरच्या आषाढी वारीच्या आगेमागे येतात. घरी पाहुणे असतात, दुकानदारांचा हंगाम असतो, शिक्षकांवर आणि कर्मचाऱ्यांवर जादा कामे असतात. पहिलाच स्वाध्याय चुकतो तो याच दिवसांत. त्यामुळे सत्र सुरू होण्यापूर्वी घरच्या दिनदर्शिकेवर हे दिवस खोडून, उरलेल्या दिवसांत पाच तास कोठे बसतात ते लिहून ठेवावे.

साधनांबद्दल थोडक्यात सांगायचे तर व्याख्याने पाहण्यासाठी मोबाइल पुरतो, पण स्वाध्याय आणि लेखन संगणकावर करणे सोयीचे असते. घरी संगणक नसल्यास महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा अभ्यासिकेत आठवड्यातून दोनदा बसण्याची सोय आधी पाहावी. अनेक अभ्यासक्रमांतील व्हिडिओ आणि त्यांची लिखित संहिता उतरवून घेता येते. वाय-फाय असलेल्या ठिकाणी आठवड्याचा सगळा मजकूर एकदाच उतरवला की रोजचा डेटा वाचतो.

टप्पा ३: कोणत्या प्रश्नासाठी कोठे शोधावे

आपला विषय अगदीच नवा असेल, तर पहिला थांबा बालभारतीचा असावा. ई-बालभारतीवर शालेय पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. अकरावी-बारावीची ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’, भूगोल आणि समाजशास्त्राची पुस्तके पदवीधरांनीही आधी चाळावीत. संकल्पना मराठीत पक्की झाली की इंग्रजी व्याख्यान निम्मे सोपे होते. मराठी विश्वकोशाची ऑनलाइन आवृत्ती आणि विकासपीडियाचा मराठी विभागही याच कामाचे आहेत.

त्यानंतर केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ पाहावे. येथे शिकणे मोफत असते आणि प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला शुल्क असते. अभियांत्रिकी, विज्ञान आणि मानव्यविद्यांतील बरेच अभ्यासक्रम आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमातून येतात. त्याखेरीज पदवी, पदव्युत्तर, शालेय, शिक्षक प्रशिक्षण आणि व्यवस्थापन यांसाठी वेगवेगळ्या समन्वयक संस्था आहेत. अभ्यासक्रम कोणत्या संस्थेकडून चालवला जातो हे त्याच्या पानावर लिहिलेले असते. ते टिपून ठेवावे, कारण परीक्षेचे नियम त्यावर अवलंबून असतात. एनपीटीईएलच्या निवडक अभ्यासक्रमांची संहिता मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी त्या भाषांतील संहिताही जरूर पाहाव्यात.

सावधान: ‘महास्वयं’ हे महाराष्ट्र शासनाचे रोजगार नोंदणीचे पोर्टल आहे आणि ‘स्वयम्’ हे अभ्यासक्रमांचे. एकावर नोंदणी केली म्हणजे दुसऱ्यावर झाली असे होत नाही. नाव सारखे असल्याने हा गोंधळ अनेकांचा होतो.

संगणकीय कौशल्यांसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना विशेष सोयीचा आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे हे पाठ आहेत आणि त्यांतील बऱ्याच पाठांचे मराठी ध्वनिमुद्रण मिळते. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून, पाठ थांबवत-थांबवत तीच कृती स्वतः करायची, अशी त्यांची रीत आहे. नुसते पाहून सोडल्यास काहीच हाती लागत नाही.

पर्यावरणाचा प्रश्न नकाशे, जमीन-वापर किंवा पिकांखालील क्षेत्राशी जोडलेला असेल, तर इस्रोच्या देहरादून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पाहावेत. हवामान बदलासाठी संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन सीसी लर्न’ या उपक्रमावर आपल्या गतीने करता येणारे मोफत अभ्यासक्रम आहेत आणि त्यांचे प्रमाणपत्रही मोफत मिळते. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे ‘ओपनलर्न’ सामाजिक विषयांसाठी चांगले आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाला किती तास लागतील आणि तो कोणत्या पातळीचा आहे, हे तेथे सुरुवातीलाच दिलेले असते. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर नावनोंदणीच लागत नाही, पण प्रमाणपत्रही मिळत नाही.

कोर्सेरा आणि एडेक्स या खासगी व्यासपीठांवर जाताना डोळे उघडे ठेवावेत. तेथे मोफत किती पाहता येते हे अभ्यासक्रमानुसार बदलते. काही ठिकाणी ठराविक मुदतीनंतर मजकूर बंद होतो आणि गुणांकन होणारे स्वाध्याय बहुधा पैसे भरणाऱ्यांसाठीच असतात. ‘सात दिवस मोफत’ या बटणानंतर कार्डाचा क्रमांक मागितला जात असेल, तर मुदत संपताच पैसे कापले जाण्याची तजवीज त्यात असते, हे ध्यानात घेऊन पुढे जावे.

घरी इंटरनेट नीट नसलेल्यांसाठी ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक दूरचित्रवाहिन्या आहेत. त्या डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय दिसतात.

टप्पा ४: एकच अभ्यासक्रम निवडा

टप्पा ३ मधून दोन किंवा तीन अभ्यासक्रमांची नावे निघाली असतील. आता प्रत्येकाची आठवडेवार रूपरेषा वाचावी आणि आपला पोटप्रश्न कोणत्या आठवड्यात येतो त्यावर बोट ठेवावे. बोट ठेवता आले नाही तर शीर्षक कितीही आकर्षक असले तरी तो अभ्यासक्रम सोडून द्यावा. नंतर पहिले व्याख्यान पूर्ण आणि मधल्या आठवड्यातले एक व्याख्यान पाचेक मिनिटे पाहावे. पहिले व्याख्यान सर्वांनाच सोपे वाटते. अभ्यासक्रम आपल्याला झेपणार की नाही, ते मधल्या व्याख्यानावरून कळते.

यानंतरची तपासणी फार थोडे लोक करतात, आणि सामाजिक विषयांत तिच्यावाचून चालत नाही. ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षीचे आहे, ते पाहावे. बिडी कामगारांचेच उदाहरण घेऊ. त्यांच्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता. पुढे संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये चार कामगार संहिता संमत केल्या आणि या कायद्याचा विषय त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत समाविष्ट केला. त्याआधी ध्वनिमुद्रित झालेल्या अभ्यासक्रमात जुनेच कलम शिकवलेले असणार. तीच गोष्ट फौजदारी कायद्याची आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यामुळे स्त्रियांवरील अत्याचारांविषयीच्या जुन्या व्याख्यानांतील कलमांचे क्रमांक आजच्या तक्रारीत लिहिले तर ते चुकीचे ठरतील. असा जुना अभ्यासक्रम वर्ज्य करावा असे नाही. संकल्पना त्यातून शिकाव्यात आणि कायद्याचा मजकूर आजच्या स्थितीप्रमाणे तपासून घ्यावा.

तपासा: अभ्यासक्रमाचे नाव, चालवणारी संस्था, आठवड्यांची संख्या, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, आपला पोटप्रश्न येणारा आठवडा आणि परीक्षेची तारीख या सहा गोष्टी कागदावर लिहिल्या आहेत का? एकही जागा रिकामी असेल तर नावनोंदणी करू नका.

दोन अभ्यासक्रम एकत्र घेण्याचा मोह टाळावा. मोफत आहे म्हणून घेतलेला दुसरा अभ्यासक्रम पहिल्याचा वेळ खातो आणि दोन्ही अर्धवट राहतात.

टप्पा ५: नावनोंदणी आणि परीक्षेचा अर्ज

या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांच्यात काही आठवड्यांचे अंतर असते. ‘जॉइन’ हे बटण दाबल्याने आपण फक्त वर्गात बसतो. परीक्षेचा अर्ज सत्र सुरू झाल्यावर वेगळा उघडतो, त्याचे शुल्क ऑनलाइन भरावे लागते आणि त्याला अंतिम मुदत असते. ती मुदत चुकली तर सर्व स्वाध्याय पूर्ण असूनही त्या सत्रात परीक्षा देता येत नाही.

1. आधी आपल्या महाविद्यालयात विचारावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ वरून करण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. पण नेमका कोणता अभ्यासक्रम किती श्रेयांकांसाठी धरायचा, हे विद्यापीठ आणि महाविद्यालय ठरवते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपल्या विभागप्रमुखांची किंवा समन्वयक प्राध्यापकांची लेखी संमती नावनोंदणीपूर्वी घ्यावी. परीक्षा झाल्यावर केलेल्या विनंतीचा उपयोग होईलच असे नाही.

2. ‘स्वयम्’ च्या शासकीय पत्त्यावरून अभ्यासक्रम उघडला की पत्ता बदलून ‘एसी डॉट इन’ वर संपणारा दिसतो. त्याने घाबरू नये, अभ्यासक्रमांची पाने तेथेच ठेवलेली आहेत. मात्र व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून नावनोंदणी करू नये. पत्ता स्वतः टाइप करून आत जावे.

3. नाव भरताना टप्पा २ मधील ओळखपत्र समोर ठेवावे. भरून झाल्यावर पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा.

4. परीक्षेचा अर्ज उघडण्याची आणि बंद होण्याची तारीख कळताच ती मोबाइलच्या गजरात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दोन्ही ठिकाणी नोंदवावी.

5. अर्जात परीक्षा केंद्राचे शहर निवडावे लागते. सोलापूरचे केंद्र त्या सत्रात यादीत आहे का ते पाहावे. नसल्यास पुण्याला जाण्या-येण्याचा आणि गरज पडल्यास मुक्कामाचा खर्च धरूनच शुल्क भरावे.

एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत एकूण १०० गुणांपैकी २५ गुण स्वाध्यायांचे आणि ७५ गुण परीक्षेचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण, अशा दोन्ही अटी पूर्ण कराव्या लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम सहा आणि चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम तीन स्वाध्यायांची सरासरी धरतात. म्हणजे एखादा स्वाध्याय यात्रेत किंवा आजारपणात चुकला तरी सगळे संपले असे मानण्याचे कारण नाही. इतर समन्वयक संस्थांच्या ‘स्वयम्’ अभ्यासक्रमांची परीक्षा राष्ट्रीय चाचणी यंत्रणा म्हणजे एनटीए घेते. तिचे अर्ज, तारखा आणि गुणविभागणी वेगळी असते. मैत्रिणीने भरला तसाच अर्ज आपला असेल असे गृहीत धरू नये.

टप्पा ६: आठवड्याचा अभ्यास

एका बैठकीत एकच व्याख्यान पाहावे आणि ते संपताच, पुढचे सुरू होण्यापूर्वी, वहीत पाच-सहा वाक्ये मराठीत लिहावीत. इंग्रजी वाक्ये उतरवून घेतली तर हात चालतो, पण समजले की नाही ते कळत नाही. पारिभाषिक शब्द मात्र मूळचाच देवनागरीत लिहावा आणि त्यापुढे त्याचा अर्थ आपल्या शब्दांत द्यावा, कारण परीक्षेत तो शब्द इंग्रजीतच येणार आहे. उदाहरणार्थ, ‘लाइव्ह स्टोरेज: धरणाच्या विमोचकातून (पाणी सोडण्याच्या मार्गातून) नेहमीच्या पद्धतीने सोडता येणारे, म्हणजे उपयुक्त पाणी’. अशी शंभर-दीडशे शब्दांची वही सत्राच्या शेवटी स्वतःचा छोटा शब्दकोश होते.

इंग्रजी ऐकणे जड जात असेल, तर आधी संहिता वाचावी आणि मग वेग थोडा कमी करून व्याख्यान ऐकावे. व्हिडिओखाली आपोआप उमटणाऱ्या मराठी भाषांतरावर पूर्ण विसंबू नये. त्यात आकडे, एकके आणि नकारार्थी वाक्ये चुकण्याची शक्यता असते, आणि ‘नाही’ गळाले की संपूर्ण अर्थ उलटतो.

स्वाध्याय मुदतीच्या दोन दिवस आधी भरावा. शेवटच्या रात्री वीज जाते, रेंज जाते, संकेतस्थळ मंद होते. स्वाध्यायाची तयार उत्तरे व्हॉट्सॲप गटांवर फिरत असतात. ती उतरवणाऱ्यांचे २५ गुण होतात, पण परीक्षेचे ७५ गुण केंद्रावर एकट्याने मिळवायचे असतात.

मागे पडल्यास काय करावे, हे आधीच ठरवून ठेवावे. सर्वसाधारणपणे माणूस सुटलेल्या आठवड्यापासून सुरुवात करतो, तोवर चालू आठवड्याची मुदतही जाते आणि अंतर वाढत राहते. त्याऐवजी चालू आठवड्याचा स्वाध्याय प्रथम पूर्ण करावा आणि सुटलेली व्याख्याने रविवारी एकेक करून भरून काढावीत.

तपासा: चौथ्या आठवड्याच्या शेवटी टप्पा १ चा कागद पुन्हा काढा. आपल्या प्रश्नाबद्दल आता नवीन काय सांगता येते, ते तीन वाक्यांत लिहा. लिहिता आले नाही, तर टिपणे काढण्याची पद्धत बदलणे आवश्यक आहे.

टप्पा ७: शिकलेले सोलापुरात पडताळून पाहा

बहुतेकांचा अभ्यास परीक्षेपाशी संपतो. वास्तविक पर्यावरण आणि समाज या विषयांत खरे शिक्षण येथून सुरू होते, म्हणून या टप्प्याला निदान दोन आठवडे द्यावेत.

उजनीच्या प्रश्नाकडे वळू. धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यांपैकी सुमारे ६३.६ टीएमसी मृत साठा (नेहमीच्या मार्गाने सोडता न येणारे पाणी) आणि सुमारे ५३.६ टीएमसी उपयुक्त साठा आहे. बातम्यांतील टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. धरणात बरोबर ६३.६ टीएमसी पाणी असेल तर पातळी शून्य टक्के म्हणून नोंदली जाते, आणि मृत साठ्यातील आणखी १०.७ टीएमसी पाणी वापरले गेले की १०.७ भागिले ५३.६ या हिशेबाने ती वजा २० टक्के होते. त्या दिवशीही धरणात जवळजवळ ५३ टीएमसी पाणी असते. मग अडचण कसली, तर ते पाणी खालच्या पातळीवर गेल्याने नेहमीच्या मार्गाने सोडता येत नाही आणि उपसा करण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. एवढे गणित स्वतः कागदावर मांडले की पुढच्या उन्हाळ्यातली बातमी वाचताना आपण कोणते प्रश्न विचारायला हवेत, ते आपोआप सुचते.

हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप वापरावे. सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांपैकी एक आहे आणि येथे हवेची सतत नोंद घेणारे केंद्र आहे. येथे एक चूक हमखास होते. भारतीय मानकांनुसार पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मूल्ये अनुक्रमे ५ आणि १५ आहेत. परदेशी अभ्यासक्रमात शिकलेली मर्यादा येथील आकड्याला लावताना कोणते मानक वापरले आणि आकडा एका दिवसाचा आहे की वर्षाच्या सरासरीचा, हे प्रत्येक वेळी लिहावे. शहरातील एका केंद्राच्या नोंदीवरून सगळ्या पेठांची हवा सारखीच आहे, असा निष्कर्षही काढू नये.

जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्यांना नान्नजचे माळढोक अभयारण्य जवळ आहे. तेथे जाताना वनविभागाचे नियम पाळावेत, माळरानावर वाहन घालू नये आणि ज्या पक्ष्याची ओळख पटली नाही, त्याची नोंद ‘अनिश्चित’ अशीच करावी.

सामाजिक प्रश्नासाठी लोकांशी बोलावे लागते. बोलण्यापूर्वी आपण कोण आहोत आणि ही माहिती कशासाठी हवी आहे ते स्पष्ट सांगावे, नाव लिहिण्याची परवानगी मागावी आणि ती नाकारली तर आग्रह धरू नये. बिडी वळणाऱ्या बाईंच्या घरी दुपारी गेलो तर त्यांच्या दिवसाच्या कामाचा वेळ आपण घेत असतो, याची जाण ठेवावी. शासकीय आकडेवारी प्रसिद्ध झालेली नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांपर्यंत असावा लागतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. ही मुदत धरून अर्ज सत्राच्या मध्यावरच करावा.

पडताळणी झाल्यावर दोन पानांचे मराठी टिपण लिहावे. त्यात प्रश्न, माहिती कोठून आणि कोणत्या तारखेला घेतली, हिशेब, निष्कर्ष आणि जे समजले नाही ते, अशी मांडणी असावी. शेवटचा भाग गाळू नये. वाचणाऱ्याचा विश्वास त्यानेच बसतो.

टप्पा ८: प्रमाणपत्र आणि अर्ज

प्रमाणपत्र मिळताच त्यावरील नाव आणि अभ्यासक्रमाचे शीर्षक तपासावे, त्यावरचा क्यूआर कोड किंवा पडताळणीचा दुवा चालतो का ते पाहावे आणि पीडीएफ दोन ठिकाणी जतन करावी. श्रेयांक हवे असलेल्यांनी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (श्रेयांक जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेचे) खाते डिजिलॉकरमधून उघडून त्याचा क्रमांक महाविद्यालयाला कळवावा.

नोकरीच्या अर्जात प्रमाणपत्रांची लांब यादी देऊ नये. ज्या कामासाठी अर्ज आहे त्याच्याशी संबंधित एक-दोन अभ्यासक्रम लिहावेत आणि प्रत्येकाखाली ‘या अभ्यासक्रमाच्या आधारे काय केले’ हे एका वाक्यात सांगून टप्पा ७ चे टिपण किंवा तयार केलेला तक्ता-नकाशा जोडावा. मुलाखतीत प्रश्न याच वाक्यावर येतात, आणि काम स्वतः केलेले असल्याने त्यांची उत्तरे देणे जड जात नाही. पदवी किंवा पदविका जेथे अनिवार्य आहे, तेथे ऑनलाइन प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही, हेही अर्ज करण्यापूर्वी जाहिरातीत वाचून घ्यावे. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. ती करताना शैक्षणिक तपशिलात हे अभ्यासक्रम भरता येतात.

सावधान: ‘अभ्यासक्रम पूर्ण केलात, आता नोकरीसाठी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन किंवा संदेश आला तर पैसे देऊ नका आणि आधारचा ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. तक्रार जितकी लवकर होते, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यास लगेच दुसरा अभ्यासक्रम शोधू नये. तोच अभ्यासक्रम पुढे कोणत्या सत्रात येतो ते पाहावे, वही जपून ठेवावी आणि मधल्या काळात टप्पा १ च्या कागदावरील पुढच्या पोटप्रश्नासाठी बालभारतीची पुस्तके वाचायला घ्यावीत.